दुसऱ्या टोकाचा माणूस

४ मार्च

चि. सौ. बहिणीस,

हे पत्र उघडलंस तर एक पान तरी वाच. दुसरं फाडलंस तरी चालेल.

कामाचं आधी. माझ्या सगळ्या निगेटिव्ह मी वाचनालयाला देऊन टाकतो आहे. तीन हजारांच्या वर भरल्या. तिथल्या ग्रंथपालबाई त्या एका यंत्रावर ठेवून संगणकात उतरवून घेतात. मी आठवड्यातून तीन दिवस जाऊन बसतो आणि पाकिटांवर काय लिहिलं आहे ते वाचून दाखवतो. माझं अक्षर आता मलाही लागत नाही. परवा बाई म्हणाल्या, "मोजणी खात्यात सगळेच असं लिहायचे, की तुम्ही वेगळी शिकवणी लावली होती?"

तेहतीस वर्षं जमिनी मोजल्या. त्याच हाताने या गावाचा इतिहास लिहिला. मोजणीबद्दल पुष्कळ तक्रारी आल्या. इतिहासाबद्दल एकच आली, तुझी.

प्रिंट धुवायचा पांढरा तामचिनीचा ट्रे, कोपऱ्यावर टवका उडालेला, तुझ्याकडे आहे का? तुझी वहिनी म्हणते तू तो लग्नानंतर नेलास. मी म्हणतो हरवला.

आता दुसरं. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. प्रकाशक म्हणाला, जसंच्या तसं छापू. मीही हो म्हटलं. म्हणजे पान एकशे बाराही तसंच राहील: धरणाच्या दरवाज्यांवर काम करणाऱ्या अकरा माणसांचा फोटो, खाली डावीकडून नावं, आणि तो परिच्छेद. ज्या दिवशी दरवाजे उघडले आणि इशाऱ्याचा भोंगा वाजला नाही, त्या दिवशी भोंग्याच्या खोलीची किल्ली डावीकडून दुसऱ्या माणसाच्या गळ्यात होती, आणि तो माणूस म्हणजे तुझे सासरे. खालच्या वस्तीत सात माणसं गेली. ते मी बदलू शकत नाही.

चौदा वर्षांपूर्वी प्रूफं पाहून तू म्हणालीस, "दादा, हे मामंजी नाहीत." मी म्हणालो, "आठवण म्हणजे पुरावा नव्हे." पुस्तक निघालं आणि तू येणं थांबवलंस. वाक्य कडक होतं. चूक नव्हतं.

बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं.

वहिनी म्हणते तिचा आशीर्वाद वेगळा लिही. वेगळा लिहिला.

दादा


१९ मार्च

चि. सौ. बहिणीस,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. पण पोस्टमन दारावरून पुढे गेला की तुझी वहिनी माझ्याकडे बघते आणि मी चष्मा पुसतो.

आज वाचनालयात एक गंमत झाली. वहिनीला सांगितली तर ती म्हणाली, "मग?" म्हणून तुला लिहितो.

कॅमेरा घेतला त्या पहिल्या वर्षाची पाकिटं निघाली. मी चोवीस, तू तेरा. न्हाणीघराच्या खिडकीवर घोंगडी ठोकून, लाल दिवा लावून, भर दुपारी मी आत आणि तू बाहेर नळापाशी ट्रे घेऊन. आतून मी प्रिंट सरकवायचो, तू धुवायचीस. दार उघडायला आलेल्या प्रत्येकाला तू हाकलून लावायचीस. आई म्हणायची, "हे न्हाणीघर आहे की कचेरी? अर्ज करू का?" तुझ्या फ्रॉकची पुढची बाजू कायम ओली. पाणकोंबडी हे नाव मीच ठेवलं होतं. आता तसं म्हणायचा हक्क राहिला आहे की नाही, माहीत नाही.

तर एका पाकिटात बाजाराच्या रस्त्याचा फोटो होता. वर मी लिहिलेलं: डावीकडून औषधांचं दुकान, छापखाना, सायकलवाला. बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "चूक."

मी म्हटलं, "बाई, फोटो मी काढलाय. मी तिथे उभा होतो."

"आणि मी तिथे जन्मले. सायकलवाल्याच्या वर आमची खोली. सायकलवाला डावीकडे, औषधवाला उजवीकडे. तुम्ही अख्खा रस्ता फिरवलात की हो."

कारण मला तिथल्या तिथे कळलं. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते, एक मंद. चित्र मंद बाजूवर असतं. ती कशाला घासली की ओरखडा. माझ्याकडे तेव्हा खालून उजेड देणारी काच नव्हती. मी निगेटिव्ह खिडकीच्या तावदानाला लावून बघायचो. चित्राला जपायचं म्हणून चकचकीत बाजू काचेकडे आणि मंद बाजू माझ्याकडे. तसं धरलं की सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसतं. प्रिंट काढण्याआधीच, ते उलटं बघून मी पाकिटावर "डावीकडून" लिहीत गेलो. वर्षभर. पुढे आधी लहान प्रिंट काढून त्यांच्यावरून लिहायला लागलो. तेव्हापासूनची पाकिटं ठीक आहेत.

बाई इतक्या हसल्या की वर्तमानपत्र वाचत बसलेले एक आजोबा त्यांना "श्श" म्हणाले. ग्रंथपालाला कुणी गप्प केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मीही हसलो.

हसत घरी आलो. जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबलो.

बाकी ठीक आहे. एक गोष्ट तपासायची आहे. आज इथेच पुरे.

दादा


२ एप्रिल

हे पत्र पंधरा दिवस लिहितो आहे. टोपली कागदांनी भरली. काल वहिनी टोपली उपडी करायला आली आणि म्हणाली, "माझं चुकलं, एवढंच लिहायचंय ना? दोन शब्द आहेत. तुम्ही तर तीनशे पानं लिहिलीत."

माझं चुकलं.

आता ते मला मोजून सांगू दे. दुसरं काही मला येत नाही.

धरणाचा फोटो त्याच पहिल्या वर्षातला, पाणी आलं त्याच दिवशी काढलेला. पाकिटावरची नावं धरणावरच्या मुकादमाने सांगितलेली. पाणी येऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी तो आपल्या घरी आला होता, तुला आठवत असेल, दारात चिखलाचे बूट काढून ठेवले होते. मी निगेटिव्ह तावदानाला लावली. तो एकेका माणसाकडे बोट दाखवत नाव सांगत गेला, मी लिहीत गेलो. नावं खरी. क्रम उलटा. अठ्ठावीस वर्षांनी पुस्तकासाठी प्रिंट काढला तो सरळ, आणि त्याच्याखाली पाकिटावरची यादी उतरवली. अकरापैकी दहा माणसांना दुसऱ्याचं नाव मिळालं.

तू म्हणशील, छापण्याआधी कुणाला दाखवलं नाहीस? दाखवलं. मुकादमालाच. प्रिंट आणि यादी पाठवली. त्याचं कार्ड माझ्या फायलीत आहे: "फोटो पाहिला. माझं नाव बरोबर आहे. बरं वाटलं." मुकादम मधोमध उभा होता, सहावा. डावीकडून मोज, उजवीकडून मोज, अकरांतला सहावा सहावाच राहतो. माणूस फोटोत आधी स्वतःला शोधतो, आणि सापडला की त्याचं बघणं संपतं. मी ते कार्ड पुरावा म्हणून टाचून ठेवलं.

तुझे सासरे यादीत दुसरे. म्हणजे उजवीकडून दुसरे. तिथे एक माणूस वाकून बुटाची नाडी बांधतो आहे. टोपी आणि पाठ दिसते, चेहरा नाही. किल्ली गळ्यात असलेला माणूस तो नव्हे. ती दुसऱ्या टोकाला, दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात आहे.

हे त्यांनी मला सांगितलं होतं. तू प्रूफ घेऊन गेलीस आणि दुसऱ्या दिवशी त्यांना बरोबर घेऊन आलीस. ते खुर्चीच्या कडेवर बसले. म्हणाले, "मी त्या टोकाला होतो हो. वाकलो होतो." मी म्हटलं, "ज्याचा चेहरा दिसत नाही तो मीच, असं कुणीही म्हणू शकेल." त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला. मी त्याच दिवशी प्रुफात तळटीप वाढवली: संबंधित व्यक्ती हे नाकारते. मला वाटलं, किती न्यायाने वागतो आहे मी.

पुढे काय झालं ते मला तुला वाटतं त्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. सलूनवाला त्यांना "आज कात्री बिघडलीय" म्हणून परत पाठवायचा. एकदा ते असे दारातून परत गेले तेव्हा मी आत खुर्चीत होतो. त्याच कात्रीने माझे केस कापणं चाललं होतं. मी त्यांना आरशात पाहिलं. त्यांनी मला पाहिलं की नाही, माहीत नाही. केस कापून झाल्यावर मी पैसे देऊन घरी आलो.

मग मेहुण्यांनी शिवणाचं दुकान उचललं आणि तुम्ही गाव सोडलं. नऊ वर्षांपूर्वी सासरे गेल्याचं कार्ड आलं. मी आलो नाही. कामात होतो असं तेव्हा स्वतःला सांगितलं. काम नव्हतं.

प्रकाशकाला आवृत्ती थांबवायला सांगितलं आहे. तो म्हणतो, "अहो, शेवटी एक शुद्धिपत्र चिकटवू, एक ओळ. कोण वाचतंय?" मी नाही म्हटलं. काय छापायचं, सासऱ्यांचं नाव ठेवायचं की काढायचं, हे तुमच्या घराला विचारल्याशिवाय ठरवणार नाही. तुझ्या सासूबाई आहेत, तोवर त्यांनी ते पान नीट झालेलं पाहावं, एवढंच मनात आहे. बाकी काही मागायला माझ्याकडे तोंड नाही.

दादा


११ एप्रिल

चि. सौ. बहिणीस,

तुझं कार्ड मिळालं. वर मायना नाही, खाली सही नाही. मधे एक ओळ: "सासूबाईंना बारीक दिसत नाही. मोठा प्रिंट पाठव."

वहिनीने ते तीनदा वाचलं. मग म्हणाली, "बघा, 'पाठव' लिहिलंय. 'पाठवावा' नाही." आणि आत जाऊन नाक शिंकरून आली.

प्रिंट सोबत आहे. गुंडाळी हळू उघड.

प्रिंट मोठा करायचा एन्लार्जर अकरा वर्षं कपाटाच्या वर होता. भिंगात बुरशी नव्हती, हे नशीब. कागद मिळेना. स्टेशनजवळच्या फोटोवाल्याने माळ्यावरून एक जुनं पाकीट काढून दिलं आणि विचारलं, "आजोबा, हे अजून कोण करतं?" हायपोचं रसायन कालवल्यावर वहिनी नाकाला पदर लावून म्हणाली, "घरात काही मेलंय का?" न्हाणीघराच्या खिडकीवर घोंगडी ठोकली. दुपारचे तीन. बाहेर बसायला कुणी नाही म्हणून तिलाच बसवलं. ती मटार सोलत बसली. पहिला प्रिंट ट्रेमध्ये उमटत होता, माणसांचे बूट दिसायला लागले होते, आणि तिने दार उघडून विचारलं, "मिठाची बरणी कुठे ठेवलीत?"

पहिला प्रिंट काळा झाला. तुझी किंमत मला चाळीस वर्षांनी कळली.

दुसरा चांगला आला. पांढऱ्या कागदावर आधी टोप्या येतात, मग पट्टे, मग चेहरे. उजवीकडचा वाकलेला माणूस सगळ्यात शेवटी आला. त्याच्याकडे बघताना मला एक आठवलं. मुकादम तावदानापाशी नावं सांगत होता तेव्हा दुसऱ्या नावाला तो हसला होता. गावात सात माणसं गेल्याला तीन दिवस झाले होते आणि तो माणूस एकदाच हसला, त्या नावाला. का हसला, मी विचारलं नाही. पुढचं नाव लिहायची घाई होती.

आठवण म्हणजे पुरावा नव्हे. पण मी निदान विचारायला हवं होतं.

दादा


२६ एप्रिल

चि. सौ. बहिणीस,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितो, कारण मधे मी आणखी एक चूक करता करता राहिलो आणि ती तुला माहीत असावी.

किल्ली गळ्यात असलेल्या माणसाचं नाव आता मला कळलं होतं. उजवीकडून दहावा, यादीतला दहावा. पंपाकडचा माणूस. तोही आता नाही. मी टेबलाशी बसलो आणि परिच्छेद दुरुस्त केला. सोपं होतं. तुझ्या सासऱ्यांचं नाव खोडलं, तिथे त्याचं घातलं. बाकीची वाक्यं जशीच्या तशी बसली. मला हलकं वाटलं. खरं सांगतो, आनंदच झाला.

वहिनीला वाचून दाखवलं. ती घडी घालत होती. घडी न थांबवता म्हणाली, "त्या घरात आपली बहीण दिलेली नाही, म्हणून बरं आहे, नाही?"

मी रागावलो. पान घेतलं आणि प्रत काढायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तिथे जी बाई बसते तिला तू ओळखतेस. तुझ्यापेक्षा दोन इयत्ता पुढे होती, लंगडीत तुला नेहमी हरवायची. ती पंपाकडच्या माणसाची मुलगी. माझ्या पुस्तकासाठी नकाशांच्या प्रती तिनेच काढून दिल्या होत्या. तिने हात पुढे केला. "द्या. किती प्रती?"

पान माझ्या हातात होतं. वरच्या तिसऱ्या ओळीत तिच्या वडिलांचं नाव होतं.

"एकही नको," मी म्हटलं. "कोरे कागद द्या."

"एवढ्यासाठी भर उन्हात आलात?"

"हो."

"काकींशी भांडलात वाटतं," ती म्हणाली आणि कागद मोजून दिले.

घरी येऊन मी तो फोटो भिंग लावून पुन्हा पाहिला. या वेळी माणसांकडे नाही, सावल्यांकडे. मोजणीवाला आहे, सावलीवरून वेळ काढता येते. कठड्याची सावली लांब, पश्चिमेकडे. सकाळचे सात. पाकिटावरही लिहिलेलं आहे: सकाळी सात, पाळी बदलताना. दरवाजे उघडले दुपारी दोनला. मधे सात तास. पाळी बदलताना किल्लीही बदलते, म्हणजे सातनंतर ती कुणाच्या गळ्यात गेली हे फोटो सांगूच शकत नाही. त्या दिवसाची हजेरीची वही पाण्यात गेली. चौकशी समितीने वर्षभर चौकशी करून लिहिलं होतं की जबाबदारी कुणा एकावर ठरवता येत नाही. त्यांना जे ठरवता आलं नाही ते मी ठरवलं, सकाळच्या फोटोवरून दुपारचं.

आता जे कधीच कुणाला सांगितलं नाही ते लिहितो. सकाळी सात हे मला पुस्तक लिहिताना माहीत होतं. पाकीट समोर होतं. मी ते वाक्यात घेतलं नाही, "त्या दिवशी" एवढंच लिहिलं. गावात त्या दिवशी कॅमेरा असलेला मी एकटा होतो. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवरून इतिहास लिहिला. या एका दिवशी मी स्वतः तिथे होतो, माझ्या हाताने काढलेला फोटो होता. तो फोटो काहीच सिद्ध करत नाही हे मला सोसेना. उलटी निगेटिव्ह ही चूक. हे दुसरं चूक नव्हे.

तू तेव्हा नुसतं "हे मामंजी नाहीत" म्हणालीस. तुला सगळं माहीत असतं तर काय म्हणाली असतीस, याची मला चौदा वर्षं भीती होती. म्हणून मीही लिहिलं नाही. तू बोलणं टाकलंस असं मी सगळ्यांना सांगत होतो.

पंपाकडच्या माणसाचं नाव त्या परिच्छेदात येणार नाही. परिच्छेदच येणार नाही.

दादा


१२ मे

प्रिय पाणकोंबडे,

तुझं पत्र आलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी. पोस्टमनने पाकीट हातात तोलून विचारलं, "काय, जमिनीचे कागद का?" मी म्हटलं, "तसंच समज."

पहिली दोन पानं मी एकट्याने वाचली. ती तशीच हवी होती. त्यात खोडायला मला एक शब्द सापडला नाही. तू लिहिलंस की सासरे पुढे केस घरीच कापून घ्यायचे, तू कापायचीस, आणि मागचे नेहमी वाकडे व्हायचे.

तिसरं पान वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाईंनी प्रिंट जमिनीवर पसरायला लावला, चष्म्यावर चष्मा धरला आणि पहिल्यांदा उजव्या टोकाकडेच बोट नेलं. त्यांचं बोलणं तू जसंच्या तसं लिहिलंस हे चांगलं केलंस: "हे बघ. वाकलेत. आयुष्यात नाडी कधी धड बांधली नाही या माणसाने. सकाळी मी बांधून द्यायची, दहा पावलांवर सुटायची. फोटो काढतोय कुणीतरी, तर वर बघावं की नाही? नाही. नाडी!" आणि मग त्या हसल्या, आणि मग उरलेल्या दहाही जणांची नावं सांगितली, डावीकडून, एकाही ठिकाणी न अडखळता. पाकिटावरची यादी मी उलटी वाचत पडताळली. अकराच्या अकरा जुळली.

मुकादम का हसला होता ते मला आता कळलं. सगळ्या धरणाला ती नाडी ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त इतिहास लिहिणाऱ्याला.

नाव ठेवायचं की काढायचं, यावर सासूबाई जे म्हणाल्या ते मी प्रकाशकाला तसंच सांगितलं: "काढायचं कशाला? नाव खरंच आहे. जागा चुकलीय, जागा बदला म्हणावं." प्रकाशक म्हणाला, "या बाईंना आमच्याकडे प्रूफं वाचायला पाठवा."

तर पान एकशे बारा आता असं आहे. फोटो तोच. खाली अकरा नावं, सासूबाईंनी सांगितलेल्या क्रमाने, आणि ती कुणी सांगितली तेही. वेळ: सकाळी सात. मग तो जुना परिच्छेद का काढला याचं एक पान, माझ्या नावाने, वळणं न घेता. तळटीप ठेवली आहे, मजकूर बदलला. पूर्वी होतं: संबंधित व्यक्ती हे नाकारते. आता आहे: उजवीकडून दुसऱ्या माणसाने हे छापण्याआधी लेखकाला सांगितलं होतं. लेखकाने ऐकलं नाही.

छापून झाल्यावर पहिली प्रत सासूबाईंना. दुसरी झेरॉक्सवालीला, ती नको म्हणाली तरी. तिला मी सगळं सांगितलं, कोऱ्या कागदांसकट. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, कागद परत करायचे असतील तर आणा, वापरलेले घेत नाही." एक प्रत मी सलूनमध्ये नेऊन ठेवणार आहे. तिथे जुनी मासिकं असतात, त्यांच्या वर. त्या पानावर खूण घालून.

वाचनालयाचं काम अडलं आहे. पहिल्या वर्षाची दोनशे बारा पाकिटं आहेत, सगळी उलटी. रस्ते, दुकानं, शाळेचे वर्ग, रांगेत उभी माणसं. रस्ते मी ओळखतो. माणसं ओळखायला माझ्यावर आता मीच विश्वास ठेवत नाही, आणि बाई तर उघडच ठेवत नाहीत. परवा म्हणाल्या, "ते प्रिंट धुणारी कुणी बहीण होती म्हणता, तिने हे सगळे चेहरे पाण्यात बघितले असतील की. तिला बोलवा." मी म्हटलं, विचारतो.

म्हणून विचारतो.

तू शेवटच्या ओळीत लिहिलंस, जूनमध्ये आठ दिवस जमेल बहुतेक. "बहुतेक" हा शब्द वहिनीने वाचलाच नाही. पलंगाची गादी उन्हात टाकून झाली आहे. मेहुण्यांना म्हणावं, त्यांना यायचं नसेल तर मला ते समजतं, आणि यायचं असेल तर माझ्या दोन विजारी उसवल्या आहेत. हे दुसरं वहिनीने लिहायला सांगितलं.

ट्रे तुझ्याकडेच निघाला. म्हणजे मी तिथेही चुकलो. त्यात रोपं लावली आहेस म्हणतेस, तर ती काढू नकोस. मी दुसरा बघतो.

आणखी एक. लहानपणी तू दर वेळी विचारायचीस, "दादा, एकदा आत येऊ? कागदावर चित्र कसं येतं ते एकदाच बघते." मी म्हणायचो, आत दोघांना जागा नाही. तू वर्षभर बाहेर बसलीस आणि झालेलेच फोटो पाहिलेस.

जूनमध्ये त्या फोटोचा आणखी एक प्रिंट काढायचा आहे, सासूबाईंच्या भिंतीसाठी. बाहेर मटार घेऊन वहिनी बसेल, मिठाची बरणी तिच्या हाताशी देऊन ठेवतो. तू आत ये. नाडीवाला सगळ्यात शेवटी उमटतो, ते बघायला.

मी परवा टेप लावून न्हाणीघर मोजलं. दोघांपुरती जागा आहे. तेव्हाही होती.

दादा